दोन नंबरचा रिमोट

"उघडता येईन ना, काकाजी?" ज्योत्सनानं विचारलं. "स्क्रू पार गंजून गेले."

"गंजू दे, बाई. नदीकाठचा माल हाये, गंजणारच," असं म्हणत सुगतनं कपाळावरचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

टेबलावर जुन्या टीव्ही गेमचा रिमोट पडला होता. पंज्याएवढा, एकेकाळी पांढरा, आता हळद सांडलेल्या फडक्यासारखा पिवळा. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं एक बटण, उजवीकडे दोन लाल गोल बटणं, आणि शेपटीसारखी लांब वायर. पुण्या-बंगळूरची माणसं त्याला कंट्रोलर म्हणतात. भंडाऱ्यात तो पहिल्या दिवसापासून रिमोटच.

पुण्या-बंगळूरची माणसं सुगतला माहीत असायचं कारण म्हणजे त्याची मुलगी रुचिता. मोठ्या बाजारामागच्या गल्लीतलं त्याचं दुकान टीव्ही दुरुस्तीचं. नवे टीव्ही आले, ते बिघडले की लोक सरळ दुसरा आणू लागले आणि सुगत माश्या मारत बसू लागला. मग सुट्टीत घरी आलेल्या रुचितानं माळ्यावरच्या खोक्यातले जुने रिमोट काढले, बापाकडून एक नीट करून घेतला आणि त्याचे फोटो फोनवरून कुठंकुठं पाठवले. महिनाभरात पार्सलं सुरू झाली. चाळिशी गाठलेली, नोकरीत बसलेली माणसं आपलं बालपण खोक्यात घालून भंडाऱ्याला पाठवत होती. रुचिता म्हणाली, "बाबा, हे व्हिंटेज आहे." सुगतनं तिला विचारलं, "म्हणजे आपण फेकाले विसरलो ते का?"

पण काम त्याला आवडे. पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध लावून उन्हात ठेवायचं, की ते दोन-तीन दिवसांत हळूहळू पांढरं होई. बटणांखालची रबर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, तिच्यावरचे काळे ठिपके झिजले असतील तर काळा लेप देऊन पुन्हा जिवंत करायचे. त्या ठिपक्यांतच सगळी करामत. बटण दाबलं की ठिपका खालच्या पट्टीला टेकतो आणि पडद्यावरचं चित्र हलतं. काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं 'सु.' आणि तारीख. आणि एक नियम होता. काढलेला प्रत्येक जुना तुकडा, मग तो कितीही निकामी असो, पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत. एकाचा माल दुसऱ्याच्या वस्तूत कधीच नाही. या नियमामुळं बाजारात त्याचं नाव होतं.

"बाबा जाऊन तीन महिने झाले," ज्योत्सना सांगत होती. ती लाखनीच्या शाळेत शिकवते. माहेर नदीपलीकडं, कारध्याला. "पेटी आवरली तं कपड्याखाली हा सापडला. याची जोडी माह्यापाशी हाये, एक नंबरचा. मनलं, हा माह्या भावाचा, चंदनचा होता, त्याले चालू करून देऊ. अन् चालू कराचा तं तुमच्याचकडून. बाबा नेहमी मनत, वस्तू दुरुस्तीले टाकाची तं सुगतभाऊकडंच. तो माणूस खोटं नाई बोलत."

सुगतनं चौथा स्क्रू काढला आणि झाकण उचललं.

आत कोणत्याच बटणाखाली रबर नव्हती. तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, कात्रीनं अगदी नेटका कापलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याचंच अक्षर होतं. सु. ११-११-२००१.

त्यानं झाकण परत बसवलं.

"काय झालं, काकाजी?"

"काई नाई. साफसफाई हाये. रविवारी ये. चंदनले घेऊन ये."

ती गेल्यावरही तो बराच वेळ त्या बंद झाकणाकडं पाहत राहिला. बावीस वर्षं जो माणूस भांडायला येईल म्हणून वाट पाहिली, तो आला नव्हता. त्याची मुलगी आली होती आणि जाता जाता बापाचं प्रशस्तिपत्रक ठेवून गेली होती.

जिल्ह्याची वाटणी होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. गोंदिया वेगळा झाला आणि सुगतची तिकडची गिऱ्हाइकं हळूहळू तुटली. राहिलेल्यांना सांभाळण्याची धडपड चालू होती. अशात कारध्याचा धनीराम रिमोट घेऊन आला. धनीराम वैनगंगेत मासे धरी. कोणीतरी त्याला जुना टीव्ही गेम दिला होता, घरात दोन पोरं, आणि दोन नंबरच्या रिमोटची वायर मानेपाशी तुटलेली. सुगतनं वायर जोडली, दुसऱ्या दिवशी तपासून पाहिली, आत तारीख टाकली आणि रिमोट फळीवर ठेवला.

त्याच दुपारी तुमसरचा एक मिलवाला गाडी घेऊन दारात उभा राहिला. पोराचा वाढदिवस, संध्याकाळी पाहुणे येणार, आणि रिमोटची रबर फाटलेली. सुगतकडं नवी रबर नव्हती. नागपूरहून यायला चार दिवस लागणार होते. धनीराम बाजाराच्या दिवशीच येईल, असा हिशेब त्यानं मनात केला, फळीवरच्या रिमोटमधली चांगली रबर काढली आणि मिलवाल्याच्या रिमोटात बसवली. उसनी. या धंद्यात सगळेच असं करतात. एका सेटचा भाग दुसऱ्यात जातो, मग तिसऱ्यातून भरपाई होते, आणि कोणालाच काही कळत नाही.

धनीराम दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. गुडघ्यापर्यंत ओला, पुलावरून चालत. ही त्याची तिसरी खेप. "पोरगा झोपू देत नाई, सुगतभाऊ," तो हसून म्हणाला. "झाला का?"

झाला नाही, चार दिवसांनी या, एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. पण फळीवरचा रिमोट त्यानं कालच धनीरामच्या शेजाऱ्याला झालेला म्हणून दाखवला होता. आता नाही म्हटलं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. "बसा, एक हात फिरवतो," म्हणत तो आत गेला. तिथं सायकलची जुनी ट्यूब लटकत होती. तुकडा कापून बटणांखाली बसवला. बटणं दाबली की छान वर येत होती. फक्त त्यांच्या दाबण्यानं पडद्यावर काहीच होणार नव्हतं. गल्लीत वीज गेलेली होती, त्यामुळं चालवून दाखवायचा प्रश्नच आला नाही.

वापस येईल, सुगतनं स्वतःला समजावलं. येईल, भांडेल, तोपर्यंत नवी रबर आली असेल, पटकन बसवून देऊ. रबर आली. त्यानं ती काड्यापेटीत घालून वर 'धनीराम' लिहून ठेवली.

आणि धनीराम खरंच आला, दोन आठवड्यांनी. हातात पळसाच्या पानात बांधलेले झिंगे. "पोरगा लय खुश हाये," तो म्हणाला. "मी मागं खाटेवर बसून पायतो ना. काय चालवते गा गेममधला टॅंक! हे घ्या, घरी करा."

काड्यापेटी हाताशी होती. सुगतनं झिंगे घेतले.

ते त्याच्या बायकोनं, रश्मीनं, वांग्यात घालून रांधले. फार चवदार झाले होते आणि सुगत दोनदा मागून जेवला. हेच त्याला पुढं सगळ्यात जास्त बोचलं. त्यानंतर त्यानं कोणाचा भाग कोणाला लावला नाही, पुड्या बांधायला लागला, बाजारानं त्याला सच्चा माणूस ठरवलं. कारधा पुलापलीकडंच होतं. तिकडून स्कूटरवर तो शेकडो वेळा गेला, पण धनीरामच्या घराशी थांबला नाही. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, त्याचा आवाज आपोआप खाली जाई. शेजारी बसणाऱ्याला वाटे, सुगतभाऊला दम लागतो.

शनिवारी दुपारी रिमोट उन्हातून काढून आणताना त्यानं हे सगळं रश्मीला सांगितलं. पहिल्यांदाच. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे ते झिंगे मीबी खाल्ले," ती म्हणाली.

"तुले कुठं माहीत होतं?"

"तेच तं मनते. मले काहून नाई सांगितलं? मी वापस पाठवले असते." तिनं सूप आपटून बाजूला ठेवलं. मग आवाज थोडा उतरला. "आता सांगून कोणाचं भलं होते? तो बिचारा गेला. त्याच्या मनात तुमी चांगले होते. रबर टाका अन् देऊन द्या."

"लेकीच्याबी मनात चांगलाच हाये मी," सुगत म्हणाला. "तेच वझं हाये."

रविवारी सकाळी तो विहारातून आला तेव्हा दोघं दुकानाशी उभी होती. चंदनला त्यानं लगेच ओळखलं. धनीरामचीच उंची, तेच रुंद खांदे, तळहात जाळ्यानं कापलेले. तो बापाचंच काम करी. हातात पळसाच्या पानाची पुडी होती, पानातून पाणी ठिबकत होतं.

"बाबाच्या नावानं आणले, काकाजी," तो म्हणाला. "सकाळचेच हायेत."

सुगतनं पुडीला हात लावला नाही.

"ठेव तिकडं. अगोदर बसून आइक."

त्यानं टेबलावर तीन वस्तू मांडल्या. पांढरा झालेला रिमोट, ट्यूबचा तुकडा, आणि जिच्यातली रबर आता रिमोटात होती ती 'धनीराम' लिहिलेली रिकामी काड्यापेटी. आणि मिलवाल्यापासून झिंग्यांपर्यंत सगळं सांगितलं. सजवून सांगितलं नाही. आपल्या हातून कसं झालं, याची कारणंही दिली नाहीत. सांगताना तो चंदनकडं पाहत होता, आणि ते फार अवघड होतं.

ज्योत्सना आधी बोलली. "पण तो चालू नाई, हे तं आमाले..." ती थांबली. "मले वाटे, वायर पुन्हा तुटली असन. बाबा तीनदा पूल चालून गेले होते. मंग त्यायले कसं सांगाचं? बाबा खाटेवर बसून विचारत, चंदन, तुहा टॅंक कोणता? हा माह्या पिवळ्या टॅंककडं बोट दाखवे. मीबी दाखवू देत होती."

चंदननं ट्यूबचा तुकडा उचलला होता. तो बोटांत उलटसुलट करून पाहत होता.

"ताईले वाटे वायर तुटली," तो म्हणाला. "मले नोहोतं वाटत."

"मंग?"

"मले वाटे का रिमोट बरोबर हाये, मलेच जमत नाई. माहा हिरवा टॅंक जागचा हालेच ना. सुगतभाऊनं दुरुस्त केला, बाबानं आणला, ताईचा चालते. म्हणजे चूक माहीच ना? सहा वर्षांचा होतो, काकाजी. पोरं शाळेत गेमच्या गोष्टी करत, मी उठून जात होतो."

धनीरामशी केलेल्या लबाडीचं ओझं सुगत बावीस वर्षं वागवत होता. तिची झळ बापाला लागलीच नव्हती. ती खाटेसमोर बसलेल्या पोराला लागली होती, आणि त्या पोराचा त्यानं कधी विचारच केला नव्हता.

"माफी मांगतो, बेटा," तो म्हणाला. "ते झिंगे घेऊन जाय. माह्या वाट्याचे मी तवाच खाऊन बसलो."

चंदननं तुकडा टेबलावर ठेवला, रिमोट उचलला, वजन पाहिल्यासारखा हातात तोलला. "चालते का पण आता?"

दुकानात तपासणीसाठी एक जुना डब्बा टीव्ही होता. ज्योत्सनानं पिशवीतून आपला एक नंबरचा रिमोट काढला. सुगतनं दोन्ही वायरी खोचल्या, टॅंकवाली कॅसेट लावली, दोघांचा खेळ निवडला. पडद्याच्या तळाशी विटांचा छोटा किल्ला, त्याच्या एका बाजूला पिवळा टॅंक, दुसऱ्या बाजूला हिरवा.

चंदननं बटण नुसतं टेकवलं. हिरवा टॅंक वर सरकला.

त्यानं अंगठा काढला. टॅंक थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकला. डावीकडं, उजवीकडं, खाली. एरवी चारही बाजू चालल्या की सुगत टीव्ही बंद करी, तपासणी झाली म्हणून. आज त्याचा हात बटणाकडं गेला नाही.

"गोळी लाल बटणानं," ज्योत्सना म्हणाली. "समोर पाय, वरून येऊन राहिले. इकडं नको वळवू, चंदन, इकडं आपलाच..."

धडाम. हिरव्याची गोळी विटा फोडून थेट आपल्याच किल्ल्यात गेली आणि खेळ संपला.

"काय केलं बे तुवा हे?"

चंदन पडद्याकडं पाहत होता. मग त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं, ते पसरत कानापर्यंत गेलं.

"हे माही चुकी होय," तो म्हणाला. "पक्की माहीच. लाव पुन्हा."

दुसरा डाव सुरू झाला, मग तिसरा. रश्मी मागच्या दारातून येऊन उभी राहिली. पुडीतल्या पाण्याचं टेबलावर तळं झालं होतं.

"चल ना आता," ज्योत्सना म्हणाली. "झिंगे खराब होतीन."

"काकीले दे ना साफ कराले," चंदन मान न वळवता म्हणाला. "आपून जेवूनच जाऊ."

रश्मीनं सुगतकडं पाहिलं. सुगतनं चष्मा कपाळावर सारला, पुडी उचलली आणि मागच्या अंगणात गेला. पाटावर बसून त्यानं पळसाचं पान उलगडलं. मग स्क्रू काढताना धरायचा तशाच हलक्या हातानं एकेक झिंगा धरून तो सोलू लागला.