भट्टीजवळच्या तिवईने ऐकलेली सावत्र आई

मी एक जुनी तिवई आहे. जर्मनीतल्या हेसन प्रांतातल्या एका डोंगराळ गावात, सामाईक भट्टीच्या दाराशी माझी जागा होती. मित्रांनो, दर शनिवारी तिथे सगळ्या घरांचे पाव भाजले जात. भट्टीजवळ घड्याळ नव्हते. म्हणून पाव आत सरकवले की वाल्बुर्गाआजी माझ्यावर बसून गोष्ट सुरू करी.

गोष्ट नेहमी तीच: दुष्काळात एक आई मुलीला रानातल्या बंद गिरणीत पीठ आणायला धाडते. मुलगी पहिल्यांदा रिकाम्या हातांनी परतते, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मात्र गिरणीतले जाते बोलू लागते. जाते बोलले, की पाव बाहेर काढायचे!

"आजी, आज जातं फार लवकर बोललं. माझा पाव कच्चा राहिला!" एखादी बाई कुरकुरे.

"तू पीठ पातळ मळतेस, आणि माझ्या जात्याला नावं ठेवतेस होय गं?"

असे माझे चांगले दिवस होते. मग एकदा शहरातले एक साहेब गोष्टी उतरवून घ्यायला वही घेऊन आले. लिहिता लिहिता थांबून म्हणाले, "सख्खी आई असं वागेल का हो? सावत्र करा." एवढा मोठा माणूस आपले ऐकायला आला, म्हणून आजी हरखली होती. "बरं साहेब," ती म्हणाली. तेव्हापासून ती गोष्ट तशीच सांगू लागली.

मागच्या बाकावर एन्ने बसे. पिंपे बनवणाऱ्या हाइनरची ती दुसरी बायको. पहिलीची मुलगी रीके, सहा वर्षांची, तिच्या मांडीवर बसूनच गोष्ट ऐकायची. त्या हिवाळ्यात रीके मांडीवरून उतरली आणि जमिनीवर बसू लागली. पुढे एन्नेने पाव कापून दिला, की म्हणे, "आधी तू खा."

एका शनिवारी एन्ने सगळ्यांच्या आधी आली. "आजी, हात जोडते. ती बाई पुन्हा सख्खी करा. पोर माझ्या हातचं खात नाही हो."

"अगं, गोष्टच ती. पोरं विसरतात," आजी म्हणाली. पण त्या दिवशी तिने सुरुवात केली, "एक होती आई..."

रीके ताडकन उठली. "आई नाही, सावत्र! आई असं करत नाही!"

सगळ्या बायका खो खो हसल्या. "घ्या, पोरीनं आजीलाच पकडलं!" आजीही हसली. "बरं बाई, सावत्र तर सावत्र."

एन्ने मात्र हसली नाही. पाव भट्टीतच सोडून ती निघून गेली.

वसंतात रीकेला दूरच्या गावी मावशीकडे धाडले. तिथे ती पोटभर जेवते, असा निरोप आला. एन्नेने तो दोनदा सांगायला लावला. नंतरही ती दर शनिवारी येई, पाव आत सरकवी आणि जाते बोलेपर्यंत बाहेर उभी राही, हिवाळ्यात बर्फातसुद्धा.

आता आजी नाही, भट्टी थंड आहे आणि माझा एक पाय किडीने खाल्ला आहे. त्याचे मला काही वाटत नाही. मित्रांनो, गोष्टी खुशाल सांगा. तीनदा घडवा, जात्याला बोलते करा. पण कुणाला दुष्ट ठरवण्याआधी मागच्या बाकाकडे एकदा बघा. मला सगळे दिसत होते. मला बोलता येत नव्हते.