झाडावर न पिकणारी

मी दगडी नासपती बोलतेय, आणि आज गोड बोलणार नाही.

दगडी हे नाव लोकांनीच ठेवलं. साल खरखरीत, तपकिरी, देठ लांब, आणि झाडावरून काढून थेट चावाल तर दाताला कळ. माझी बी पेरली तर उगवतं भलतंच काहीतरी. माझ्याच फांदीचं कलम करावं लागतं. पूर्वी या गल्लीत माझी बरीच झाडं होती. गुळगुळीत, झटपट जाती आल्या आणि लोकांनी मला पटापट तोडलं. एका शिंप्याच्या घरामागे तेवढी मी उरले.

हा शिंपी! सगळा राग त्याच्यावरच आहे. हाताचा कुशल होता, ते नाकारत नाही. माझी खोड त्याला पक्की ठाऊक होती. मी झाडावर पिकत नाही. मला कडक असतानाच उतरवायचं, थंड अंधाऱ्या खोलीत सुटं सुटं निजवायचं, आणि थंडी सरत आली की देठाजवळ अंगठा दाबून बघायचं. तिथं किंचित मऊ लागलं की कापायचं. मग मी लोण्यासारखी लागते. झाडावरच ठेवलंत तर मात्र बियांकडून सडत येते आणि बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही.

हे सगळं तो एकटा करायचा. घरचे बाहेर गेले की फळं उतरवायची आणि मागच्या खोलीला कुलूप. थंडी सरता सरता ताट भरून आणायचा आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा. मुलाला, सुनेला वाटायचं, पिकलेली फळं पोरंटोरं फस्त करतील म्हणून बाबा कुलपात ठेवतात.

“बाबा, बाजारात अशी नासपती मिळत नाही. करता तरी काय?” सून विचारायची.

“हातगुण लागतो, बाळ. सांगेन कधीतरी.”

आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. वाटायचं, एक कडक फळ सोडावं याच्या टाळक्यात! एका उन्हाळ्यात मशीनवर बसल्याबसल्याच तो गेला. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

त्या हंगामात मुलानं फळ तोडलं, चावलं आणि थुंकलं. “कच्चं आहे. राहू दे झाडावरच, छान पिकेल,” म्हणाला. किती मायेनं म्हणाला! रोज येऊन रंग बघायचा. माझा कसला रंग बदलतोय? शेवटी कापलं तर आत काळा चिखल. कीड लागली म्हणून औषध मारलं. पुढच्या वर्षी आणखी थांबला, आणखी चिखल. शेजारीण कुंपणावरून उसासा टाकून म्हणाली, “सासऱ्यांबरोबर झाडाची चवही गेली हो.” अहो, चव माझ्यापाशीच होती, काढून घ्यायची अक्कल कुणाला नव्हती!

मग नर्सरीवाला आला. “झाड म्हातारं झालंय. आता डोकं उतरवू, थंडी सरली की नवी जात बांधू. ही खालची एक फांदी ठेवतो, मुळांना जीव धरायला. नवं कलम लागलं की हीपण काढायची.” फळांसकट फांद्या खाली आल्या. धडधाकट झाडाचं डोकं उतरवलं!

सुनेला वाईट वाटलं. पडलेली फळं तिनं टोपलीत भरली, बकऱ्यांना घालू म्हणून. तेवढ्यात पाहुणे आले, टोपली मागच्या खोलीत सरकवली आणि ती साफ विसरली. थंडीच्या शेवटी खोली झाडायला गेली, तर वासानं दारातच थबकली. एक फळ पुसून चावलं. रस कोपरापर्यंत ओघळला. तिथंच फतकल मारून ती खातही होती आणि रडतही होती. मग नवऱ्याला हाक मारली.

त्यानं खाल्लं. टोपलीतलं दुसरं उचललं. “म्हणजे बाबा...”

“हो, बाबा. कुलपात ठेवून पिकवायचे. आणि आपण झाड कापलं.”

“उद्या नर्सरीवाला येतोय गं. कलमाच्या काड्या तयार आहेत त्याच्या.”

“येऊ नका म्हणावं. काही बांधायचं नाही. जे फुटेल ते हिचंच फुटू दे.”

“लोक हसतील, खुंट सांभाळत बसलेत म्हणून.”

“हसू देत. बाबांनी जन्मभर लोकांचं कौतुकच खाल्लं ना, गुपित पोटात ठेवून? बघा काय झालं ते.”

दुसऱ्या दिवशी नर्सरीवाल्याला त्यानं फाटकावरूनच परत पाठवलं. सुनेनं माझ्या उरल्या फांदीच्या चार काड्या कापून शेजारणीच्या हातात दिल्या. “तुमच्या त्या गुळगुळीत नासपतीच्या झाडावर कलम बांधा. आणि नीट ऐका, ही झाडावर पिकत नाही, कडक असतानाच काढायची!”

माझा राग गेला असं समजू नका. फांद्या परत यायला वर्षं जातील, आणि त्या येतीलच असं कुणी सांगावं? पण ती बाई रोज फाटकाशी उभी राहून दूधवाल्याला, पोस्टमनला, जो दिसेल त्याला सांगत सुटलीय. आता तुम्हालाही कळलंय. तोंड मिटून बसू नका.