तिसरी हाक

“सुमित्राकाकू, तुमचा मुर्दा उठला वो!”

कापसाच्या वावरात पऱ्हाटीच्या तासातून चंद्रभानच्या बायकोनं हाक मारली आन् सुमित्राबाईच्या हातातलं खुरपं खाली पडलं. बाभळीच्या फांदीले बांधलेल्या झोक्यात नातू जागा झालता, बस, एवढंच. चंद्रभानची बायको काही वाईट मनाची नव्हती. तिच्या जिभेले ‘मृदांश’ वळतच नव्हतं, ती तरी काय करन? मृदांशचं मुरदांश झालं, मुरदांशचं मुर्दा झालं, आन् आठ महिन्यांत साऱ्या गावानं तेच धरलं. किराणावाला मोतीलालई बिस्किटाचा पुडा देताना हासत विचारे, मुर्दा बरा हाये ना?

हे नाव सुमित्राबाईच्या पोरानं, भूपेंद्रनं, मोबाईलवर शोधलं होतं. हजारात एकाचंबी नाई, असं तिथं लिवलं होतं म्हणून बारशाले गडी नुसता फुगून गेलता. म्हातारी तवाच बोलली, जे नाव कोनी ठेवत नाई ते काऊन ठेवत नाई, याचाई इचार कर बाप्पा. मंग सुनेनं, सपनानं, अर्थ समजावला. मृदा म्हंजे माती, मृदांश म्हंजे मातीचा अंश. ते ऐकून तं म्हातारीनं कानावर हातच ठेवले. आपल्या इकडं माती म्हंजे काय, हे काय सांगा लागते? कोनाच्या मातीले जाऊन आलं तं आंघोळ केल्याबिगर कोनी घरात पाय ठेवत नाई.

तिचे पह्यले दोन लेकरं पाळण्यातच गेले होते. तिसरा भूपेंद्र झाला तवा तिनं त्याले सुपात घालून उकंड्यावर ठेवलं, शेजारनीनं उचलल्यावर तिले पायलीभर ज्वारी देऊन परत घेतलं आन् पाच वर्सं त्याले उकंड्याच म्हटलं. शेणाच्या ढिगाले कोन नजर लावते? म्हणून नातवाच्या कानातई ती गुपचूप ‘उकंड्या’ म्हणे. पन पोट्टा त्या नावाले कधी मान वळवत नव्हता. आन् गावानं धरलेलं ते दुसरं नाव तं तिनं आपल्या तोंडातून एकदाई काढलं नव्हतं.

भादव्यात आभाळ चार दिवस नुसतं दाटून राह्यलं. पानी नाई, वारा नाई, काळ्या रानातून वाफ निघे. त्यातच पोट्ट्याले ताप भरला. तिसऱ्या दिवशी त्यानं दूध सोडलं, डोळे उघडना. भूपेंद्र माल घेऊन नागपूरले गेलता. सासूसुना ऑटो करून सिंदीले आल्या, लेकरांच्या डॉक्टरकडं. दवाखान्यात पाय ठेवायले जागा नव्हती. नाव लिहून सपना कपाळावरचं फडकं ओलं करायले नळावर गेली.

तेवढ्यात आतला मानूस कागद घेऊन दारात आला.

“मुर्दांश!”

सारे बाया-मानसं इकडंतिकडं पाहाले लागले. सुमित्राबाई जागची हालली नाई. तिच्या सासूनं तिले शिकवलं होतं, दारात परकी हाक आली तं तिसऱ्या खेपेबिगर ओ देऊ नये. जीव नेनारा दोनदाच हाक मारते, तिसरी हाक मानसाचीच असते.

“मुर्दा... मुर्दांश कोन हाये?”

तिनं पोट्ट्याले छातीशी दाबलं आन् तोंड घट्ट मिटलं. आता तिसरी येईन, मंग उठते, असं ती मनात म्हणत राह्यली. तिसरी आलीच नाई. त्या मानसानं खालचं नाव वाचलं, एक बाई पोरीले घेऊन आत गेली आन् दार लागलं. पोट्ट्यानं मघापासून पदर मुठीत धरला होता. ती मूठ सुटली, हात खाली लोंबला.

तवा तिच्या ध्यानात आलं, का तिसरी हाक मारनारं आपल्याबिगर इथं कोनीच नाई.

गर्दी लोटत ती दारावर गेली, दोन्ही हातानं थापा मारल्या. “उघडा बाप्पा! मुर्दा आमचाच हाये. हा पाहा, मुर्दा. जित्ता हाये अजून!”

दार उघडलं. तो मानूस बाजूले झाला. मागून सपना ओलं फडकं घेऊन पळत आली. आन् उंबरठ्यातच पोट्ट्यानं पापन्या वर केल्या, आजीच्या तोंडाकडं पाह्यलं. आठ महिने सारं गाव त्याले ज्या नावानं बोलवत होतं, ते त्यानं कवाच आपलं म्हटलं होतं.

म्हातारीले रडू फुटलं. तिनं भेत भेत आनखी एकदा हाक मारली, “मुर्दा.”

पोट्ट्यानं ओ दिल्यावानी ओठ हालवले.