बुडालेल्या जहाजाचा पत्ता

पास्को नान्स स्वतःला हुशार समजायचा. हा आजार त्याला लहानपणापासून होता आणि बासष्टाव्या वर्षीही उतार पडला नव्हता.

बुडालेल्या जहाजाची जागा कुणी चोरू नये म्हणून त्यानं जीपीएसमध्ये मुद्दाम चुकीचे आकडे भरून ठेवले होते. खरी जागा काढायची तर त्यात काहीतरी मिळवायचं किंवा वजा करायचं. मग हिवाळाभर होडी ताडपत्रीखाली पडून राहिली. आणि आता, मार्चच्या पहिल्या शांत सकाळी, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापासून तीन मैलांवर, गारठलेल्या बोटांनी बटणं दाबताना या महाभागाला आठवेना, मिळवायचं की वजा करायचं. किती, तेही आठवेना.

समोर बाप बसला होता. हेडली, वय शहाऐंशी, नजर धुरकट, कान जवळजवळ बंद. सोमवारी मुलगी त्याला आपल्या घरी नेणार होती, समुद्रापासून दूर. "जायच्या आधी त्या जहाजावरचा एक पोलॅक काढू दे," एवढंच त्यानं मागितलं होतं. हे मासे त्या सांगाड्यात दाटीनं राहतात, पण गळ टाकता येतो तो भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेवढाच वेळ. जेमतेम चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा पास्कोनं गोल गोल फिरण्यात घालवली. तळ दाखवणाऱ्या पडद्यावर नुसती सपाट वाळू.

"पोचलो का रे?"

"बाबा, आकडे विसरलो."

"काय?"

"आकडे विसरलो!"

"तूच लपवलेस ना?"

"हो."

"स्वतःपासून?" म्हातारा खो खो हसला. "माझ्या खुणा धर की मग."

इथंच घोडं पेंड खात होतं. किनाऱ्यावरच्या ज्या खुणा जुळवून ती जागा सापडायची, त्या हेडलीनं कधी कुणाला सांगितल्या नव्हत्या, मुलालाही नाही. आणि आता सांगायच्या तर बहिऱ्या माणसासारखं ओरडूनच सांगणार. दोनशे फुटांवर क्लेमची होडी उभी होती. अकरा वर्षं हा क्लेम त्या जागेसाठी पास्कोच्या मागे मागे फिरत होता. पास्को त्याला चोर म्हणायचा, तोंडावर.

पाणी थांबलं होतं. पास्कोनं दात आवळले.

"सांगा, बाबा. मोठ्यानं सांगा."

"चर्चचा मनोरा दिसतोय?" हेडली गरजला. "तो पाण्याच्या टाकीच्या बरोब्बर डोक्यावर आण! आणि खाणीचं धुराडं टेकडीच्या खांद्यावरून नुसतं डोकावलं पाहिजे!"

पलीकडे क्लेमचं इंजिन सुरू झालं. होणारच.

पास्कोनं खुणा जुळेपर्यंत होडी वळवली आणि पडद्यावर सांगाडा उभा राहिला. हेडलीनं गळाला लावलेला रबरी मासा तळाला सोडला आणि रिळाचे वेढे मोजत हळू वर ओढू लागला. एकोणिसाव्या वेढ्याला काठी वाकून पाण्यात शिरली. म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या, देवाला हाका मारल्या, काठी मात्र सोडली नाही. पास्कोनं हातजाळ्यात मासा घेतला. सोनेरी, जाडजूड, बापाच्या मांडीवर मावेना.

तोवर क्लेम वीस फुटांवर आला होता आणि त्याचीही काठी वाकली. त्यानं जो वर घेतला तो दीडपट होता. अर्थातच.

"कुणाला लागला?" धुरकट नजरेनं तिकडे बघत हेडलीनं विचारलं. "केवढा आहे?"

पास्कोनं क्लेमकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या माणसाकडे काहीतरी मागायचं होतं आणि तोंड उघडेना.

क्लेमनं आपला मासा खाली ठेवला.

"पिल्लू आहे, काका!" तो ओरडला. "तुमच्यापुढे काहीच नाही!"

"हळू ओढ म्हणावं त्याला," हेडली पोराला म्हणाला. "घाई करतो."

"हळू ओढ," पास्को क्लेमला म्हणाला. जिवावर आलं होतं, पण म्हणाला.