दुसरा कागद

महापालिकेची निवडणूक आली की आपल्याकडे इमारतीगणिक एक तरी पुढारी निघतोच. लकडगंजातल्या त्या सात मजली इमारतीत तो मान कृष्णकांत देवपुजारींचा. टपाल खात्यातून निवृत्त, सोसायटीचे अध्यक्ष, शब्दाला पक्के. मतदानाला दोन दिवस उरले की ते अठ्ठावीस फ्लॅटांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवायचे. प्रभागात जागा चार, मतं चार, त्यातल्या अ, ब, क या तीन जागा राखीव. यंदाच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आपला माणूस ड गटात आहे. अ, ब, क मध्ये आपलं कोणी नाही. तिथे नोटा दाबा.’

लोक निमूटपणे तसंच करायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगा, तुम्हाआम्हाला तरी वाटतं का?

त्या सकाळी त्यांची मुलगी भैरवी आजोबांची जुनी प्रमाणपत्रं लावत होती. एका पाकिटातून रुपयाच्या नोटेएवढा, निवडणूक आयोगाचं नाव छापलेला पिवळट कागद निघाला.

“बाबा, ही तर मतपत्रिका! आजोबांकडे कशी?”

कृष्णकांतांची मान ताठ झाली. “सत्तावन्न सालची असेल. तेव्हा भंडारा मतदारसंघातून दोन खासदार जायचे. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला कागद दोन, आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पुढे ती पद्धत बंद झाली. बाबांनी आठवण म्हणून जपला. फ्रेम करू या!”

“पण बाबा, कागद घरी आला, तर पेटीत काय टाकलं?”

तेवढ्यात बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या अंजनाबाई उभ्या होत्या. वय नव्वद, एका हातात काठी, दुसऱ्यात ती चिठ्ठी.

“कृष्णकांतभाऊ, नातसुनेनं वाचून दाखवली. मले चार मतं हायेत, अन् तुम्ही एकच काहून सांगून राहिले?”

“मावशी, बाकीच्या जागी आपलं कोणी नाही ना!”

“माह्या घरचं तं एकाही जागी कोनी नाही. मंग मी घरीच बसू का?”

कृष्णकांत कसनुसं हसले. अंजनाबाईंची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला. भैरवीनं घाईनं खुर्ची पुढे केली.

“आमचं गावही भंडाऱ्याकडचंच, वैनगंगेच्या काठी,” त्या म्हणाल्या. “आम्ही दीक्षा घेतली, अन् चार-पाच महिन्यांत हे मतदान आलं. मी शाळेचं आंगण झाडत होती. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी गेली, तं चिंचेखाली असेच कागद. टोपलंभर! मले वाचता येत नव्हतं. आमच्या मालकाले नेऊन दाखवले. पंचवीस गावं सायकलनं फिरले होते ते, राखीव जागेच्या प्रचाराले. त्याइनं कागद पाह्यले अन् खालीच बसले. म्हने, अंजना, लोकाइनं मतं कुजवली. एक कागद टाकला, दुसरा फेकून देल्ला.”

“मग तुमचा उमेदवार हरला का, आजी?” भैरवीनं हळूच विचारलं.

“हारजीत सोड वं पोरी. दुसऱ्याले मत दिलं असतं तं मले वाईट नसतं वाटलं. पन तिथं कोनीही आला तरी तो आपला नाही, असं लोकाइनं आधीच ठरवून टाकलं. खासदार का एकट्या आमचा होता? तो सडक मांगन ते आमच्या दारापुरतीच का?” त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “भाऊ, नावं वाचा, मानसं पारखा. कोनीच पटलं नाही तं दाबा नोटा. पन वाचल्याबिगर?”

कृष्णकांतांची नजर त्या कागदावर गेली. ज्या बाबांना ते देवासारखं मानत आले, त्यांच्या खिशातून हा कागद घरी आला होता. अरेरे! आठवण कसली, ते न दिलेलं मत होतं! आणि आज स्वतः ते अठ्ठावीस घरांना तेच शिकवत होते.

“बाबा वाईट नव्हते हो, मावशी,” ते म्हणाले. “मास्तर होते, सगळ्यांची पोरं शिकवली त्यांनी.”

“असतीन ना. म्हनून तं फेकवला नसन त्याइच्यानं. खिशात ठेवला.” अंजनाबाईंनी कागद त्यांच्या हातात दिला. “तुमच्यापाशी तं अजून दोन दिवस हायेत.”

त्याच दुपारी कृष्णकांत अठ्ठावीस दारं फिरले. चिठ्ठ्या परत घेतल्या. “चुकलं माझं. चारही याद्या वाचा, मग तुमचं तुम्ही ठरवा,” एवढंच सांगितलं. “काका, पार्टी बदलली का?” असं कुणी चिडवलंही. त्यांनी ते ऐकून घेतलं.

मतदानाच्या दिवशी ते यंत्रापुढे बराच वेळ उभे होते. ड गटाचं बटण त्यांनी केव्हाच दाबलं होतं. मागची रांग कुरकुरायला लागली.

“काका, झालं नाही का अजून?” टेबलामागच्या कर्मचाऱ्यानं विचारलं.

“थांबा हो,” कृष्णकांत म्हणाले, “अजून तीन मतं आहेत माझी!”

त्यांनी तीनही याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग तीन बटणं दाबली, आणि मतदान पूर्ण झाल्याचा यंत्राचा लांब आवाज झाला.

नागरिकहो, राखीव जागा ही परक्याची जागा नसते. तिथून निवडून येणारा माणूस तुमच्याच नळाला पाणी आणायला बांधलेला असतो, आणि म्हणून त्याला पारखणं हेही तुमचंच काम आहे. मत कुणालाही द्या, पण ‘आपला नाही’ म्हणून न वाचता कुजवू नका.

तो कागद आज इमारतीच्या सूचनाफलकाशेजारी फ्रेममध्ये आहे. खाली कृष्णकांतांच्या अक्षरात एकच ओळ आहे, ‘आमच्या घरानं न दिलेलं मत.’