हॅलोचा निरोप

शाळेच्या समुपदेशक बाईंना मुलं उपदेशबाई म्हणत. समुपदेशक हा शब्द दुधाच्या दातांना पेलणारा नव्हता, म्हणून मुलांनी तो आपल्या सोयीने कापून घेतला होता. खरं तर उपदेश करायचा नाही, हीच बाईंच्या प्रशिक्षणातली पहिली शिकवण. समोरच्याचं नीट ऐकायचं आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं त्याला परत ऐकवायचं, आपल्या पदरचा एक शब्दही न घालता. बाई हे व्रत इतक्या निष्ठेने पाळत की भाजीवाल्याने भाव सांगितला तरी त्या म्हणत, "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की ही भाजी महाग आहे." भाजीवाला बिचारा घाबरून भाव कमी करी.

त्यांची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची जुनी कोठी. अर्धी कोठी बाईंना मिळाली होती आणि उरलेल्या अर्ध्या भागात हवा गेलेले चेंडू पडलेले असत. भिंतीवर वेगवेगळ्या भावनांचे सहा चेहरे चिकटवले होते. मुलांनी सगळ्यांना मिशा काढल्यामुळे राग, आनंद आणि भीती हे सख्खे भाऊ दिसत. खुर्च्या पहिलीतल्या मुलांच्या मापाच्या होत्या. त्यात बसलेल्या पालकांचे गुडघे हनुवटीला लागत आणि त्यामुळे कोणालाही फार वेळ रुबाब टिकवता येत नसे.

एके दिवशी तिसरीच्या वर्गशिक्षिका एका मुलीला घेऊन तिथे आल्या. मुलीचा डावा हात गालावर होता. फोन कानाला लावल्यासारखा तो सदानकदा तिथेच असे, म्हणून वर्गात तिचं नाव हॅलो पडलं होतं आणि ते घरीही रुळलं होतं.

"ही स्वतःहून काही बोलतच नाही," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "मी विचारलं, सात आठे किती, तर ही शेजारणीकडे वळते आणि म्हणते, बाई विचारतात, सात आठे किती. शेजारीण म्हणते छप्पन्न. मग ही मला सांगते, ही म्हणते छप्पन्न. उत्तर बरोबर असतं, पण मार्क कोणाला द्यायचे? आणि डबा रोज भरलेला परत जातो."

उपदेशबाई हॅलोकडे वळल्या. "तुला काय वाटतं?"

हॅलोने वर्गशिक्षिकांकडे पाहिलं. "बाई विचारतात, तुम्हाला काय वाटतं?"

वर्गशिक्षिकांनी हात जोडले आणि त्या निघून गेल्या.

हळूहळू उलगडा झाला. हॅलोचे आईबाबा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कपाटावरून झालं होतं. आईला कपाट खिडकीजवळ हवं होतं, बाबांना दाराजवळ. दोघांनी ते उचललं, हॉलच्या मधोमध आणलं आणि तिथेच दोघांचं बिनसलं. कपाट अजून मधोमधच उभं होतं, कारण ते हलवायला दोघं लागत आणि दोघांपैकी एकाला 'उचल' म्हणावं लागलं असतं. तेवढं म्हणायला कोणी तयार नव्हतं. तेव्हापासून कपाटाच्या अलीकडचे निरोप पलीकडे आणि पलीकडचे अलीकडे नेण्याचं काम हॅलोकडे आलं होतं.

या कामात तिचा हात चांगला बसला होता. इतका, की शाळेतही तिला मागणी आली. चित्रकलेच्या बाई आणि गणिताचे सर यांच्यात शिक्षकांच्या खोलीतल्या पंख्यावरून विस्तव जात नव्हता. त्यांचे निरोप हॅलो नेऊ लागली आणि दोघं पंखा आळीपाळीने लावू लागले. शिपाई आणि ग्रंथपाल हसून बोलू लागले. मुख्याध्यापकांनी तर उपदेशबाईंना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"त्या मुलीवर काही उपचार वगैरे करू नका," ते हलक्या आवाजात म्हणाले. "शाळेची तपासणी होईपर्यंत तरी नको. माझ्या सगळ्या नोकरीत ही शाळा इतकी शांत मी पाहिलेली नाही."

"म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की एका आठ वर्षांच्या मुलीने शाळा चालवावी," बाई म्हणाल्या.

"असंच काही नाही," मुख्याध्यापक म्हणाले, पण त्यांचा चेहरा तसंच म्हणत होता.

बाईंना मात्र त्या पोरीची काळजी लागून राहिली होती. सगळ्यांचं बोलणं वाहून नेणाऱ्या या मुलीला स्वतःचं असं एक वाक्य उरलं होतं की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांनी आईबाबांना बोलावून घेतलं.

दोघं आले, पण वेगवेगळ्या फाटकांतून. छोट्या खुर्च्यांवर एकमेकांकडे पाठ करून बसले. आई टापटीप, बोलण्यात गोड. बाबा हसतमुख, येताना शिट्टी वाजवत आलेले. यांचं का बिनसावं, असा प्रश्न कोणालाही पडला असता. हॅलो सवयीने दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. बाईंनी तिला मैदानात खेळायला पाठवलं.

"मग निरोप कोण नेणार?" बाबांनी विचारलं.

"मी नेईन," बाई म्हणाल्या. त्यांना मनातून बरंच वाटलं. ऐकलेलं जसंच्या तसं सांगायचं, यात तर त्यांची हयात गेली होती.

"मग तिला सांगा," बाबा म्हणाले, "की तिच्या भावाला वेळकाळ काही कळत नाही. दर रविवारी सकाळी येऊन बसतो तो रात्री जेवूनच उठतो. माझा सुट्टीचा दिवस नासतो."

बाईंनी मान वळवली. "ते म्हणतात, तुमच्या भावाला वेळकाळ काही कळत नाही. दर रविवारी सकाळी येऊन बसतो तो रात्री जेवूनच उठतो. त्यांचा सुट्टीचा दिवस नासतो."

आई हसली. "तुमची काहीतरी गफलत होतेय, मॅडम. ते असं बोलणारच नाहीत. त्यांनीच तर निरोप पाठवला होता, मामा आला की वेळ कसा जातो ते कळत नाही. म्हणून तर मी त्याला दर रविवारी बोलावते. खरं सांगू का, मला स्वतःला तो एवढा वेळ झेपत नाही."

बाबांची पाठ ताठ झाली. बाईंनी हेही जसंच्या तसं पोचवलं, 'झेपत नाही'सकट.

"आणि त्यांना सांगा," आई आता जरा घाईने म्हणाली, "ती शिट्टी बंद करा. डोकं उठतं माझं."

"ते शक्य नाही," बाबा भिंतीला म्हणाले. "तिनेच सांगितलंय, तुमची शिट्टी दिवसभर माझ्या डोक्यात वाजत राहते. मी मुद्दाम तिच्यासाठी वाजवतो. सकाळी दूध तापत असतं तेव्हासुद्धा. माझे ओठ फाटलेत."

भिंतीवरचे सहाही मिशाळ चेहरे बाईंकडे पाहत होते. पोर निरोप नेताना काय करत होती, ते बाईंच्या ध्यानात आलं. ती प्रत्येक निरोप वाटेत धुऊन, पुसून, घडी घालून देत होती. हे घर इतके दिवस तिच्या एकटीच्या जिभेवर उभं होतं. आणि बाईंनी अर्ध्या तासात, एक शब्दही इकडचा तिकडे न करता, त्याची वाट लावली होती.

दोघं उठले. दार एकच असल्यामुळे आधी कोणी जायचं हा प्रश्न आला आणि तो विचारायला कोणी नसल्यामुळे दोघं बराच वेळ दाराशी उभेच राहिले. शेवटी शिपायाने घंटा दिली तशी आई निघाली. बाबा गेले तेव्हा शिट्टी वाजली नाही.

हॅलो आत आली. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"जे ते म्हणाले तेच."

"जसंच्या तसं?"

"हो."

हॅलोने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंना तिसरीत नापास झाल्यासारखं वाटलं. "असं कोणी सांगतं का?" ती म्हणाली.

घरचे निरोप बंद पडले. आईबाबांचा आता हॅलोवर विश्वास राहिला नव्हता आणि दुसरा माणूस घरात नव्हता. कपाटाच्या दोन्ही बाजू गप्प झाल्या. हॅलोने शाळेतलं कामही सोडलं. पंख्याचं भांडण पुन्हा पेटलं, ग्रंथपालाने शिपायाच्या हातचा चहा नाकारला आणि मुख्याध्यापक जिन्यात दिसले की बाईंकडे न पाहता खोल श्वास सोडू लागले. हॅलो गालावर हात ठेवून बाकावर बसून राही. डबा झाकणसुद्धा न उघडता परत जाई.

बाईंना रात्ररात्र झोप येईना. आपण केलं ते पुस्तकाबरहुकूम होतं, आणि तरी एका लेकराचं घर मुकं झालं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. एका दुपारी त्यांनी हॅलोला बोलावलं आणि तिच्यासोबत खाली जमिनीवर, चेंडूंच्या ढिगाला टेकून बसल्या.

"काही निरोप आहे का?" त्यांनी विचारलं.

"कोणाचा?"

"तुझा."

हॅलो विचारात पडली. "माझा निरोप नसतो. मी फक्त नेते."

"असलाच, तर मी नेईन."

हॅलोने एक चेंडू दाबला. त्यातून उरलीसुरली हवा फुस्स करून गेली. "तुम्ही खरंच काहीच बदलत नाही? थोडंसुद्धा?"

"मला येतच नाही गं," बाई म्हणाल्या, आणि हे त्यांनी शरमेने म्हटलं.

हॅलो मात्र पहिल्यांदाच जरा सरसावून बसली. अगदी कामाचा माणूस सापडल्यासारखी तिने बाईंना खालून वरपर्यंत पाहून घेतलं. "मग त्यांना सांगा, माझी दाढ दुखते."

बाईंचं लक्ष तिच्या गालावरच्या हाताकडे गेलं. सगळी शाळा ज्याला फोन समजत होती तो हात. त्यांनी स्वतः त्या हातावर मुख्याध्यापकांसमोर केवढं व्याख्यान दिलं होतं, मुलीने निरोप्याची भूमिका अंगावरच घेतली आहे म्हणून.

"कधीपासून?"

"मामा रविवारी यायला लागला त्याच्याही आधीपासून."

"अगं, मग घरी का नाही सांगितलंस?"

"आईला सांगितलं तर आई म्हणणार, बाबांना सांग. बाबा म्हणणार, आईला विचार, डॉक्टरकडे कधी जायचं. आई म्हणणार, त्यांनाच विचार, त्यांना कधी सुट्टी आहे." हॅलोने बोटांनी हवेत येरझाऱ्या घालून दाखवल्या. "म्हणजे मीच जायचं आणि मीच यायचं. एवढं दुखत असताना कोण करणार ती धावपळ?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच दोघांना फोन लावले.

आईबाबा आले आणि पुन्हा पाठीला पाठ लावून बसले. हॅलो बाईंच्या मागे उभी राहिली. बाईंच्या मनात आलं, जरा हळुवार सांगावं, सुरुवातीला दोन समजुतीचे शब्द घालावेत. पण मागून कोणीतरी त्यांचा पदर ओढला.

"हॅलोचा निरोप आहे," बाई म्हणाल्या. "माझी दाढ दुखते."

आधी कोणाला काही उमगलंच नाही. तिच्याकडून निरोप घ्यायची दोघांना सवय होती, पण तिचा निरोप यायची नव्हती. मग दोन्ही छोट्या खुर्च्या एकदम मागे पडल्या. आईने हॅलोची हनुवटी धरली, बाबांनी मोबाइलचा दिवा लावला आणि दोघं गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडात डोकावू लागले.

"मोठं उघड, बाळा," आई म्हणाली. "अजून. डावीकडे आहे का? काही दिसत नाही. हॅलो, बाबांना सांग, उजेड जरा खाली धरा म्हणावं."

हॅलो प्रामाणिकपणे सांगू लागली. पण तोंड सताड उघडं, त्यात आईची दोन बोटं. "आआ, उएअ आआ आई," एवढंच बाहेर आलं. बाबा उजेड वरच धरून निरोपाची वाट पाहत राहिले.

हॅलोने दम घेतला आणि निरोप पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. दुखऱ्या दाढेवर जीभ लागली तशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती थांबेना.

"राहू दे," आई म्हणाली. "तू नको बोलूस. मीच सांगते त्यांना."

तिने मान वळवली. ते दोन चेहरे इतके जवळ होते की हॅलोला दोन्ही एकदम दिसत नव्हते.

"खाली धरा," आई म्हणाली.

"धरला," बाबा म्हणाले.