जाळीला घातलेला हार

१९५६च्या सुमारास आमच्या पिंपरीच्या कारखान्यात सेफ्टी म्हणजे एकटे सोपानराव. दर महिन्याला पुण्याहून यायचे, पत्रा दाबणाऱ्या प्रत्येक प्रेसच्या तोंडावरची, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली लोखंडी जाळी हलवून बघायचे आणि यंत्राच्या अंगावर खडूनं मार्क लिहायचे. अगदी शाळामास्तर! दहापैकी दहा मिळाले की आम्ही मिशीला पीळ द्यायचो, कमी पडले की त्यांच्या नावानं बोटं मोडायचो.

माझ्या शेजारच्या प्रेसवर रहाटणीचा भिमाजी होता. सायकलला ढोलकी बांधून कामावर यायचा, कारण सुटल्यावर थेट भजनाला जायचा. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावरही त्याची बोटं नाचायची.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तपासणी झाली. सगळ्या यंत्रांना दहापैकी दहा देऊन सोपानराव खुशीत दसऱ्याला घरी गेले. नवमीला खडूचे मार्क तेवढे राखून आम्ही यंत्रं धुतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. हार प्रेसच्या तोंडावरच बांधायचा, म्हणून जाळी काढावी लागे, ती दरवर्षीच काढत असू. शिवाय पूजेचा हार ओढून काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, हा आमचा रिवाज. दसऱ्यानंतर काम सुरू झालं तेव्हा जाळ्या भिंतीलाच टेकलेल्या होत्या.

"जाळीचं काय रे?" मी भिमाजीला विचारलं.

"हार हाय न्हवं अजून. द्येवीचा हार आपुन वढायचा व्हय?"

मलाही ते पटलं. माझ्या प्रेसलाही हार होताच.

दुपारी हारातलं एक फूल सुटून साच्यात पडलं. पूजेचं फूल चिरडू नये म्हणून भिमाजीनं हात घातला, आणि सवयीनं पाय पेडलवर पडला. प्रेस खाली आली, उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सोपानराव दवाखान्यात भिमाजीला बघून आले ते तडक प्रेस शॉपमध्ये. आपल्या रुमालानं एकेका यंत्रावरचे मार्क पुसू लागले. "मी येतो तेव्हा जाळी बसलेलीच असते," ते म्हणाले. "ती निघते कधी, ते मी बघितलंच नाही. कसली डोंबलाची तपासणी!"

आता पूजाच बंद करणार म्हणून आम्ही भांडायच्या तयारीत होतो. पण पुढल्या वर्षी ते ऐन खंडेनवमीला हजर झाले.

"हार घाला, पण जाळीला. आपले हात राखते ती, तिचा मान नको?"

जुनी माणसं कुरकुरली. कुणी जागचं हलेना. तेवढ्यात स्टोअरमधून भिमाजी आला. आता त्याला तिथलंच काम होतं. त्यानं तीन बोटांच्या हातानं हार उचलला आणि आपल्या जुन्या प्रेसच्या जाळीला घातला.

"आदीच हिला पुजली असती तर," एवढंच म्हणाला. मग आम्ही सगळ्यांनी तसेच हार घातले.

जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या डब्याचं झाकण त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते मांडीवर घेतलं. मग डाव्या हातानं वाजवू लागला. ठेका चुकत होता, आणि आम्ही टाळ्या वाजवून तो सांभाळून घेत होतो.